खंबायतचा अकीक: खरी मजुरी वेजात

ओबडधोबड

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा धागा ग्रहांचा नाही. कुठल्या बोटात कुठला खडा घालावा आणि शनीला सुलेमानी चालतो का, यासाठी दुसरा धागा काढा, मी तिकडेही येऊन भांडेन. इथे फक्त दगड, आणि दगडाचा मणी करणारे हात.

आपण ज्याला हकीक किंवा अकीक म्हणतो त्याचं माहेर आपल्याच पायाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत गेलं आणि थरावर थर साचत गेले. तोच अकीक. भोवतालचा काळा पाषाण झिजून त्याची माती झाली तरी हे गोळे झिजत नाहीत, वाहून जाऊन नदीच्या गाळात गोळा होतात. भरूच जिल्ह्यात, नर्मदेच्या दक्षिणेला, झगडियाजवळच्या रतनपूरच्या टेकड्यांत असाच जुना गाळ आहे. विहिरीसारखे खड्डे खणून तिथून गोळे काढतात. वर बावा गोर यांचा दर्गा आहे. हबशी पीर, सिद्दी समाजाचं दैवत. अकीकाचा धंदा त्यांनीच बसवून दिला अशी तिथली श्रद्धा आहे.

खाण रतनपूरला आणि कारागीर खंबायतला, म्हणजे गुजरातेतल्या खंभातला, ही विभागणी फार जुनी आहे.

गोळा बाहेर येतो तेव्हा तो बघून कोणी वळूनही बघणार नाही. मळकट, पिवळट-राखाडी, वरून खरबरीत. एक कपची उडवून आतला पोत बघतात. मग उन्हात वाळवतात, एकदोन दिवस नव्हे, महिनोन् महिने. आत ओल राहिली तर भट्टीत दगड फुटतो. वाळल्यावर मातीच्या मडक्यात भरून, भोवती भुसा किंवा शेण रचून, रात्रभर मंद आचेवर ठेवतात आणि तसाच सावकाश निवू देतात. दगडातलं लोह पिवळ्या रूपात असतं, अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे त्यातलं पाणी निघून जातं आणि ते लाल होतं. बाजारातला लालभडक अकीक बहुतेक असा भाजलेला असतो. याला कोणी फसवणूक म्हणू नये. सिंधू संस्कृतीचे लोकही हेच करत होते.

भाजल्याचा दुसरा फायदा म्हणजे दगड नीट तासता येतो. तासायची पद्धत बघण्यासारखी आहे. कारागीर जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई समोर घेऊन बसतो. डाव्या हातात दगड, तो सळईच्या टोकाला टेकवलेला. उजव्या हातात म्हशीच्या शिंगाची हातोडी, दांडा बांबूच्या बारीक काडीचा. घाव वरून बसतो आणि कपची निघते खालून, जिथे सळईचं टोक टेकलंय तिथून. हातोडीत जोर नसतोच, दांडा लवतो आणि शिंग नुसतं टिचकी मारल्यासारखं पडतं. सगळी अक्कल डाव्या हातात. दगड केसभर फिरवला की कपचीची दिशा बदलते. टिक, टिक, टिक, आणि बघता बघता गोळ्याची लांबट शेंग होते.

पुढे सहाणेवर घासून आकार, मग वेज, म्हणजे दोरा ओवायचं भोक, मग झिलई. झिलईसाठी पूर्वी कातड्याच्या पिशवीत मणी, अकीकाची पूड आणि पाणी भरून दोघं जण ती पिशवी पायाने एकमेकांकडे लोटत बसायचे, आठवडा-दोन आठवडे. आता विजेवर फिरणारी पिंपं आहेत.

मला ज्यावर बोलायचंय ते वेज. आपण मणी घेताना रंग बघतो, चकाकी बघतो, आणि ज्यात सगळ्यात जास्त कसब लागलं त्यातून दोरा ओवून मोकळे होतो. अकीकाचा कठीणपणा मोहच्या १ ते १० मोजपट्टीवर ७. चांगलं पोलाद त्याच्यापुढे टिकत नाही. खंबायतला पोलादी काडीच्या टोकावर हिऱ्याचे दोन बारीक कण बसवतात आणि कमानीने ती काडी फिरवतात. मणी लाकडी चिमट्यात पक्का धरलेला, वरून पाण्याची धार. अर्धा वेज एका बाजूने, अर्धा दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही मधोमध भेटले पाहिजेत. तयार मणी इथे फुटला तर खाणीपासून सहाणेपर्यंतची सगळ्यांची मेहनत वाया.

माहीतगारांनी भर घालावी.

तगर

माहेर तेरचं, म्हणून राहवत नाही. पेरिप्लस या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या पुस्तकात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पैठणहून भरूचला गाड्यांवरून कसला माल जायचा ते दिलंय. पैठणचा गोमेदासारखा पट्टेदार दगड, भरपूर प्रमाणात. आणि आमच्या तगरहून, म्हणजे तेरहून, कापड. भरूचपासून पैठण २० दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर १० दिवसांवर, असा हिशोब आहे. वाट धड नाही असंही लिहिलंय, तेव्हा रस्त्यांची तक्रार दोन हजार वर्षं जुनी समजा.

सांगायचं हे की फक्त रतनपूर नाही, गोदाकाठचा दगडही त्या बंदरातून जगभर गेलाय. सातवाहन काळातलं भोकरदन उकरलं तेव्हा मणी घडवण्याच्या खुणा तिथेही सापडल्या. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाल तर हस्तिदंती बाहुलीपाशी गर्दी असते, तिला नमस्कार करून मण्यांच्या कपाटापाशी थांबा. आमच्या लहानपणी पावसाळा संपला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, रानात पोरं मणी वेचायची. आता वेचू नका, कायद्याने गुन्हा आहे, आणि जागेवरून उचललेल्या मण्याचा अभ्यासाला काही उपयोग राहत नाही.

शंकासुर

हिऱ्याचं टोक ठीक आहे, पण सिंधू संस्कृतीच्या लोकांकडे हिरा होता का? मग त्यांनी वेज कसे पाडले?

ओबडधोबड

प्रश्न लाख मोलाचा. त्यांच्याकडे हिऱ्याचं टोक असल्याचा पुरावा नाही. त्यांच्याकडे दगडाच्याच सळया होत्या. सिंधमधल्या चन्हुदडोला १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं, तिथे मणी घडवण्याचे कारखानेच सापडले. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या वेज पाडायच्या सळया एका खास दगडाच्या आहेत, त्याला मॅके यांच्यावरून अर्नेस्टाइट असं नाव दिलंय. टोक जरा रुंद, मागचा भाग बारीक, म्हणजे सळई आत अडकत नाही.

पुरातत्त्वज्ञ मार्क केनॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खंबायतच्या कारागिरांसोबत बसून या सगळ्याचा अभ्यास केलाय. प्रयोगात या दगडी सळईचा वेग निघाला तासाला साधारण अडीच मिलिमीटर. आता हिशोब करा. ६ सेंटीमीटरच्या मण्याला नुसता वेज पाडायला २४ तास, तेही हात न थांबता. आणि त्यांचे काही मणी याच्या दुप्पट लांब आहेत. असे लांब लाल मणी इराकमध्ये ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडलेत. तिथवर ते उगाच नाही गेले.

सराफकट्टा

लेख छान. पण काका, जरा पेठेत या. आज अल्ट्रासॉनिक यंत्र आहे. सुई कंप पावते, खाली कठीण पुडीचा चिखल, आणि एका वेळी अनेक मण्यांना सरळसोट भोक. कमानीने वेज पाडणारा माणूस आता शोधावा लागतो. आणि गिऱ्हाईक? त्याला वेज दिसतच नाही, म्हणून त्याचे पैसेही तो देत नाही. आमच्याकडे माळ वजनावर, रंगावर आणि एकसारखेपणावर जाते.

रंगाचंही ऐकून ठेवा. काळाकुळकुळीत ‘ऑनिक्स’ म्हणून जो मिळतो तो जवळपास सगळा रंगवलेला. हिरवागार तर नक्कीच. गुलाबी, जांभळा, निळाशार पट्ट्यांचा हकीक दिसला की खुशाल समजा रंग दिलाय. विकायला हरकत नाही, सांगून विकावा एवढंच. लाल भाजलेला असतो हे तुम्ही लिहिलंच आहे.

नाहेकाठ

जर्मनीहून लिहितेय. माझं सासर ईडार-ओबरश्टाईनच्या जवळ, तिथे नाहे नदीच्या खोऱ्यात अकीकाचंच काम चालायचं आणि थोडं अजूनही चालतं. सराफकट्टा म्हणतात तो काळा रंग इथे असा करतात: दगड साखरेच्या पाण्यात मुरवायचा, मग गंधकाम्लात. आत शिरलेली साखर जळून कोळसा होते आणि थर काळे पडतात. जे थर घट्ट आहेत ते साखर पीत नाहीत, ते पांढरेच राहतात.

इथला जुना घासायचा कारखाना बघितला तेव्हा मी चाटच पडले. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी वालुकाश्माची चाकं माणसापेक्षा उंच, आणि कारागीर लाकडी घोडीवर पालथा झोपलेला. पाय मागच्या फळीला रेटून अख्ख्या शरीराचा भार दगडावर द्यायचा. तोंड चाकापासून वीतभर. स्थानिक दगड संपत आला तेव्हा इथले लोक ब्राझीलला गेले आणि १८३०च्या दशकात तिथे प्रचंड साठे सापडले. ते ब्राझीलचा दगड जर्मनीत घासून त्यातून खंबायतच्या मण्यांच्या नकला करून आफ्रिकेत विकत. खंबायतचं आफ्रिकेतलं गिऱ्हाईक तोडणारे हेच, माझे सासरकडचे!

कोरीवकामाचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहिते. थरांचा अकीक घेतात, वर पांढरा, खाली काळा किंवा लाल. पांढऱ्या थरात चेहरा उठावात ठेवून बाकीचा पांढरा काढून टाकायचा, म्हणजे गडद जमिनीवर गोरा चेहरा उभा राहतो. गंमत म्हणजे कोरणारा हत्यार हातात धरत नाही. हत्यार बसवलेलं असतं, टाचणीच्या डोक्याएवढी चकती, तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावलेली, आणि ती जागेवर गरगर फिरते. हातात असतो तो दगड. गालाच्या उतारावर पांढरा थर किती पातळ केला यावर सावली ठरते, खालचा रंग आतून डोकावतो. शिक्क्यासाठी उलट, आत खोल कोरायचं आणि अक्षरं उलटी.

पैलूपाड्या

दगड हातात धरून हत्यारावर नेणं, हे पैलूवाल्यांनाही लागू. मी पुण्यात हौसेने पैलू पाडतो, ॲमेथिस्ट आणि साधा स्फटिक. दगड लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा, काडी यंत्रात ठरावीक कोनात बसवायची आणि फिरत्या चकतीवर टेकवायची. आधी जाड हिरेकणाची चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी सिरियम ऑक्साइडवर झिलई. जयपूरला जुने कारागीर लाख आणि कुरुंदाच्या पुडीपासून केलेल्या सहाणेवर, कोन नुसत्या हाताच्या अंदाजाने धरून हेच करतात. मी यंत्रावर जे ४३ अंश मोजून लावतो ते त्यांच्या मनगटात असतं.

आणि कोन चुकला की खेळ संपला. स्फटिकात शिरलेला किरण तळाच्या पैलूवर आपटून परत वर यायला हवा. तळाचा कोन साधारण ४१ अंशांखाली गेला की तो परत येत नाही, खालून निसटतो. मग खड्याच्या मधोमध आरपार दिसतं, खाली वर्तमानपत्र ठेवा, अक्षरं वाचता येतील. माणिक-नीलम यांना कमी कोन चालतो, हिऱ्याला आणखी कमी. बाजारातले कितीतरी नीलम असे ‘वाचता येणारे’ असतात. कारागिराला येत नाही असं नाही, मालक कॅरटवर विकतो. तळ नीट कोनात आणायचा तर वजन उतरतं.

आजोळ_त्र्यंबक

वजन उतरण्यावरून नासक हिरा आठवला. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा कंपनीच्या हाती लागला आणि लंडनला गेला. तेव्हा वजन ९० कॅरटच्या आसपास. भारतीय कारागिरांनी त्याचं वजन राखून पैलू पाडले होते. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी नव्याने पैलू पाडून घेतले, वजन ७८च्या वर थोडं राहिलं. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी परत पाडले, उरला ४३.३८ कॅरट. म्हणजे देवाचा अर्ध्याहून जास्त हिरा पूड होऊन गेला. लोक तो परत आणा म्हणतात. आणायचा तरी कुठला?

पैलूपाड्या

@आजोळ_त्र्यंबक, कोहिनूरचंही तेच, १८५२ मध्ये १८६ वरून १०५.६. पण मी कारागीर म्हणून विन्स्टनच्या बाजूने बोलेन. हिरा उजेड परतवत नसेल तर तो नुसती महाग गारगोटी. आपल्याकडे वजन म्हणजे मान होता, त्यांच्याकडे झगमगाट म्हणजे मान.

आजोळ_त्र्यंबक

मान्य नाही. तो दगड एका हिशोबाने घडवलेला होता, दुसऱ्याच्या हिशोबाने तो ‘सुधारला’ म्हणता येत नाही. जुन्या देवळाला ऑइलपेंट देणारेही हेच म्हणतात. असो, धागा अकीकाचा आहे.

छातीठोक

सगळं वाचलं. फार सुंदर लिहिताय सगळे. पण मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, आणि ‘खंबायत’ आणि ‘अकीक’ हे दोन शब्द मी पहिल्यांदा वाचले ते सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराच्या संदर्भात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कारागिरांवर अभ्यास केलेले आहेत.

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. विजेच्या चाकावर कोरडा घासला की जी पूड उडते त्यातली डोळ्यांना दिसते ती फारशी वाईट नाही, ती नाकात अडकते. ५ मायक्रॉनखालची दिसत नाही आणि थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाते. तिथल्या पेशी ती गिळतात, पचवू शकत नाहीत, मरतात, आणि त्या जागी वण तयार होतो. वण वाढत राहतो, काम सोडलं तरी. याला औषध नाही. त्यात क्षयाची शक्यता कितीतरी वाढते, आणि बऱ्याचदा क्षय समजूनच वर्षानुवर्षं उपचार चालतात. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपुढे काहीच करत नाही.

आणखी एक गोष्ट. हे काम घरच्या अंगणात चालतं. चाकावर बसतो एक, श्वास घेतं सगळं घर आणि शेजार.

सराफकट्टा

डॉक्टर, मग पाणी सोडून का घासत नाहीत? वेज पाडताना तर पाणी सोडतातच.

छातीठोक

वेजात पाणी सोडलं नाही तर टोक तापून हिऱ्याचा कण निखळतो. तिथे पाणी हत्यार वाचवतं, म्हणून ते आहे. घासताना वाचवायचा असतो तो माणूस. मजुरी नगावर आहे, आणि ओलं काम सावकाश होतं. धूळ ओढून घेणारे पंखेही बसवता येतात, पण त्याचा खर्च आणि वीजबिल कोणी द्यायचं? व्यापारी म्हणतो कारागीर माझा नोकर नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस अधिसूचित आजारांच्या यादीत होता, पण ओसरीवरचं चाक कारखाना ठरत नाही, त्यामुळे भरपाई मागायची कोणाकडे हेच ठरत नाही.

नाहेकाठ

इथेही पालथे झोपून घासणारे तरुणपणीच जायचे. घोडी आता संग्रहालयात आहे आणि पर्यटक तिच्यावर झोपून फोटो काढतात.

तगर

मग घेऊच नये का माळ?

छातीठोक

तसं मी म्हणणार नाही ताई. न घेतल्याने धूळ कमी होत नाही, फक्त मजुरी कमी होते. घेताना दुकानदाराला विचारा, घासकाम ओलं आहे का, धूळ ओढायची सोय आहे का. उत्तर येणार नाही बहुतेक. पण पन्नास जणांनी विचारलं तर दुकानदार पुढच्या वेळी व्यापाऱ्याला विचारेल.

सराफकट्टा

मी दुकानदारच आहे. आजवर कोणी विचारलं नाही, आणि मीही वर विचारलं नाही. या वेळी माल घेताना विचारतो, इथे येऊन लिहितो.

शंकासुर

आजीची लाल मण्यांची माळ आहे घरी. वेज हाताचा की यंत्राचा, घरबसल्या कसं ओळखायचं?

ओबडधोबड

दोरा काढा. मणी मोबाइलच्या टॉर्चवर आडवा धरा, अकीक पारभासक असतो, वेज आतून दिसतो. मधोमध दोन वेज जरा इकडेतिकडे भेटलेत का, तिथे पायरी आहे का बघा. असेल तर दोन्ही बाजूंनी पाडलाय. मग तोंडातून भिंगाने आत बघा. हिऱ्याच्या टोकाने पाडला असेल तर भिंतीवर गोल फिरत गेलेल्या बारीक रेघा दिसतात. भिंत एकसारखी मंद, रेघा नाहीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ नळी, आणि सगळ्या मण्यांचा वेज तंतोतंत सारखा, तर यंत्राचा संशय घ्या. एका मण्यावरून निकाल देऊ नका, दहाबारा बघा.

शंकासुर

बघितले. बहुतेकांत पायरी आहे, एकात तर दोन्ही वेज जेमतेम भेटलेत, सुई अडकते. रेघा आहेत. तोंडाशी कडा मात्र टोचते बोटाला.

तगर

कडा टोचते म्हणजे तिथेच दोरा कापला जाणार. परत ओवताना साधा रेशीम नको, जाड पीळदार घ्या, आणि दर मण्यानंतर गाठ मारा. तुटली तरी एकच मणी पडेल. सुई अडकते तो मणी जबरदस्तीने ओवू नका, टोकाला मेण लावून दोरा कडक करा आणि सुईशिवाय सरकवा.

सराफकट्टा

आणि पटव्याकडे, म्हणजे माळा ओवणाऱ्याकडे, द्याल तर मणी मोजून द्या.